दगूभाऊंची मुलाखत अर्धवट राहिली

नाशिक, सोमवार

ती. अक्कामावशीस चैतालीचा नमस्कार.

तुझे गुडघे (आणि त्यांच्याविषयीची तुझी मतं) आहेत तशीच असतील. मी ठीक. मी दवाखान्यात नोकरीला आहे असं तू शेजारणींना सांगतेस, ते आता थांबव. वेगवेगळ्या देशांत हृदयविकारानं किती माणसं आजारी पडतात, किती दगावतात, याचा एक अभ्यास चालू आहे. त्यातला आपला जिल्हा माझ्याकडे. म्हणजे माणूस गेला की काही महिन्यांनी त्याच्या घरी जायचं, तो कसा गेला ते विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. (चहा सगळीकडे मिळतो.)

मागच्या मंगळवारी देवळ्याजवळच्या एका गावी गेले. तिथले गेणू नावाचे शेतकरी उन्हाळ्यात गेले. त्यांच्या पत्नी कुसाबाई बोलायला बसल्या, शेजारी दीर दगूभाऊ. छातीत दुखायचं का, विचारलं. कुसाबाईंना आठवेना. दगूभाऊ म्हणाले, "दुखतं." घाम? "येतो." डावा हात? "जड पडलाय." मी भरत गेले, इतकी नेमकी उत्तरं आमच्या साहेबांना फार आवडतात. कधीपासून, असं विचारल्यावर ते म्हणाले, "सकाळधरनं." तेव्हा कुठे मी मान वर केली. माणूस घामानं निथळत होता.

"भाऊ, हे तुमचं सांगताय?"

"मग कोणाचं सांगू? त्याचं त्यालाच ठाऊक."

कांद्याची गाडी भरायची होती, म्हणून ते उठेनात. कुसाबाईंनी त्यांच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या. "एक गेला, तेवढं लय झालं," इतकंच म्हणाल्या. कचेरीच्या जीपमधून मी त्यांना देवळ्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन त्याच जीपनं नाशिकला पाठवलं. वाटभर दगूभाऊ फोनवरून कांदा भरून घेत होते. नाशिकला हृदयाची तुंबलेली शीर उघडली, माणूस वाचला, आणि आता डॉक्टर तंबाखू खाऊ देत नाहीत अशी तक्रार माझ्याकडे करतो.

कचेरीनं विचारलंय की मृताची मुलाखत अपूर्ण का, आणि जीप ठरल्या रस्त्यानं का गेली नाही. शिवाय या अभ्यासात जिवंत माणसं धरत नाहीत, हेही कळवलंय. मी दिलगिरी व्यक्त केली आणि काल पुन्हा कुसाबाईंकडे गेले. या वेळी त्यांना सगळं आठवत होतं. जाण्याआधी गेणूभाऊ आठवडाभर गॅस झालाय म्हणत होते. मी लिहून घेतलं.

तुझी,
चैताली

ता. क. तुझ्या शेजारची प्रतिभाताई सांगत होती, काका हल्ली जिना चढताना दोनदा थांबतात. शनिवारी सकाळी मी मनमाडला येते. त्याआधी त्यांच्या छातीत दुखलं, तर माझी वाट न बघता दवाखान्यात न्यायचं. पत्र अशासाठी, की तुझा फोन काका उचलतात.

ता. क. दुसरा. त्यांना सांग, चैताली भरीत खायला येतेय. भरीत खरंच कर. पण त्यांना आधी देऊ नकोस, तपासणीसाठी रक्त उपाशीपोटी द्यायचंय.