कणगीतलं इंजिन

प्रिय अहो,

आज ज्वारी काढायला कणगीत हात घातला आणि हाताला काहीतरी गार, गुळगुळीत लागलं. मी केवढ्यांदा ओरडले! साप असता तरी एक वेळ चाललं असतं. पण तुमच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला पिस्टन निघाला. मोटारीचा पिस्टन, खायच्या ज्वारीत! आणि चकाकी अशी की त्यात मला माझं मोकळं कपाळ दिसलं. असा काही संताप आला की परात तशीच सारली आणि लिहायला बसले.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही. तुम्ही पलटणीत होतात तेव्हा निदान पत्ता तरी असायचा. आता बसा म्हणावं वरती, आणि ऐकून घ्या. तुमच्यापुढं बोलायला लागले की तुम्ही उठून कानस शोधायला जायचात. आता कुठं जाल?

माणूस मागं काय ठेवून जातो हो? कुणी शेत ठेवतो, कुणी नाव ठेवतो. तुम्ही काय ठेवलंत? अंगणात पत्र्याखाली गाडीचा सांगाडा, आणि तिचं इंजिन घरभर! कार्बोरेटर मसाल्याच्या डब्याशेजारी. पाण्याच्या पंपाचं झाकण देवाच्या फळीवर. ते झाकण मी तुमच्या दहाव्यापर्यंत ताम्हण समजत होते. “ज्वारीत ठिवलं की दमट हवा लागत न्हाई, चमक टिकती,” हे तुम्ही सांगितलं होतं खरं. पण मला वाटलं, गंमत करताय.

गाडी कशासाठी आणली होती ते तरी आठवतं का?

दुष्काळ सरला त्या वर्षी तुम्ही पेन्शन घेऊन कुंडलला आलात. मी माझ्या आईसाठी झुरत होते. आई मेढ्याला, मी इथं. लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आईनं ती इतकी घट्ट धरलेली की माझ्या लग्नानंतर तिनं कुंडलची वेससुद्धा पाहिली नव्हती. आणि आपल्याला मूल कुठलं होतंय! मी मेढ्याला जायची, रडून यायची. माझ्या हातची भाकरी आईनं माझ्या चुलीपाशी बसून एकदा खावी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही मी तुमच्याकडं कधी मागितलं का, सांगा?

तेव्हा तुम्हीच ते डोकं लढवलंत. सांगलीच्या एका डॉक्टरची जुनी मोटार उचलून आणलीत, माझ्याबरोबर मेढ्याला आलात आणि माझ्या आईपुढं मांडी घालून म्हणालात, “मामी, लेकीच्या घरात पाय ठिवू नगा. मी तुमास्नी मोटारीनं नेतो. मोटार अंगणात हुबी करतो. तुमी आतच बसायचं, ही ताट घिऊन यील. मोटार म्हंजी काय लेकीचं घर न्हवं!”

आईला एसटी लागते हे तुम्हाला ठाऊक होतं. घाटातल्या पहिल्याच वळणाला तिच्या पोटात ढवळायचं. म्हणून वर म्हणालात, “आन् वाटंत पायजे तिथं थांबू.”

आई हसत सुटली. “पावनं, चाकं असल्यालं घर मी कवा बघितलं न्हाई. पर तुमी म्हनताय तर ते घर न्हवं. न्या मला. येते मी.”

येते म्हणाली ती! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी मी तुमच्यावर जीव ओवाळून टाकला असता.

आणि मग तुम्ही काय केलंत? घरी आलात आणि इंजिन खोललंत.

धूर मारतंय, जरा बघतो, म्हणालात. बघता बघता इंजिनाच्या माथ्यावर बसणाऱ्या टॅपेटच्या झाकणावरचा काळा थर नखानं खरवडला गेला, खालून पांढरं ॲल्युमिनियम दिसलं आणि तिथंच माझा घात झाला. “शाले, ही बघ आत चांदी हाय!” चांदी कसली! पण तुमच्या डोळ्यांत पलटणीतलं पॉलिश चढलं. रॉकेलमध्ये बुडवायचं, पितळी ब्रशनं घासायचं, आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक, मग बक्कल चमकवायचं ते पॉलिश, आणि शेवटचा हात मऊ सुती कापडानं. मऊ सुती कापड म्हणजे माझं इरकली लुगडं! जुनं होतं, मान्य. पण विचारायचं तरी!

आणि तो कॉस्टिक सोडा! मी साबण करायला आणलेला. तुम्ही तो पाण्यात कालवला, त्यात झाकण सोडलंत, रंग निघावा म्हणून. कशात कालवलात? माझ्या मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात! सोड्यानं ॲल्युमिनियम काळं पडतं हे भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर कळलं असतं. पातेलं फसफसायला लागलं, वाफेनं खोकला सुटला, आणि तुम्ही काठीनं ढवळत उभे. “पलटणीत लोखंडाचा रंग असाच काडायचो,” म्हणे. अहो, पण हे लोखंड होतं का? झाकण कोळशासारखं काळं निघालं आणि पातेल्याची चाळण झाली. त्यावर माफी मागायची सोडून चिंच मागायला आलात, काळं काढायला! मी दिलीसुद्धा. तुमच्यापुढं मी नेहमीच अशी वेडी.

तरीही पुढच्या दिवाळीआधी इंजिन बसलं. मी नवं लुगडं नेसले. शेंगदाण्याच्या पोळ्या बांधून घेतल्या. आईला निरोप गेला होता, ती रस्त्यावर येऊन बसणार होती. आपण निघालो. काय ऐट होती तुमची! ताकारीच्या अलीकडं गाडीखालून तेलाची धार लागली. बॉनेट उघडलं तर चांदीच्या झाकणाच्या चारी बाजूंनी काळं तेल गळतंय. शेवटी कुणाच्या तरी उसाच्या बैलगाडीमागं दोर बांधून आपण परत आलो. मी नव्या लुगड्यात, पोळ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन. सगळं गाव बघत होतं. आणि तिकडं आई दिवे लागेपर्यंत रस्त्यावर बसून राहिली.

गॅरेजवाल्या हुसेनमिस्त्रींनी झाकण हातात घेतलं आणि कपाळाला हात लावला. “फौजी, जोडाची कड बी घासली व्हय? हितं कुनाला चमक दिसती? हितं सपाट लागतंय. तुमी पार लाटा काडल्यात. मधलं बुचाचं पॅकिंग बसंल कसं?”

आणि तुमचं उत्तर काय? “साहेब इन्स्पेक्शनला आला की उलटं करून बघतो.”

कुठला साहेब हो? कुंडलमध्ये टॅपेटचं झाकण उलटं करून बघायला कोण साहेब येणार होता? माझी आई येणार होती. तिला झाकणाची उलट सुलट बाजू कुठली कळत होती! तिला लेकीचं तोंड बघायचं होतं.

पुढं मिस्त्रींनी सांगलीहून दुसरं झाकण आणून बसवून दिलं. गाडी चालायला लागली. मी पुन्हा पोळ्यांचं काढलं. तर चार दिवसांत इंजिन पुन्हा परातीत! हे मात्र मला कधी समजलं नाही. चमक उतरली म्हणे. उतरणारच, ॲल्युमिनियम ते, आज घासा, आठवड्यानं मळकं. मग पुन्हा घासा. वर्षानुवर्षं हेच. मी चिडले, रडले, एकदा तर अख्खा कार्बोरेटर उकिरड्यावर टाकून आले. तुम्ही शांतपणे उचलून आणलात, धुतलात आणि म्हणालात, “शाले, मामी बसणार हायेत त्यात. टिपटॉप पायजे.”

मी म्हणायची, एसटीनं जाऊन येते. तुम्ही म्हणायचात, जा की. पण आईला आणायचं नाव काढलं की, “गाडीनंच आणू.”

एक गोष्ट माझ्या ध्यानात यायची. खंडाळ्याहून तुमच्या थोरल्या आक्का येऊन गेल्या की इंजिन हमखास खुलायचं. आक्का आल्या की तुम्ही दोघं पत्र्याखाली बसून हळू आवाजात बोलायचात. मी चहा घेऊन आले की गप्प. मला वाटायचं, आक्का माझ्या चुका काढतात आणि तुम्ही त्याचा राग इंजिनावर काढता. मी तुम्हालाच टोचून बोलायची. तुम्ही घासत राहायचात, हात कोपरापर्यंत काळे.

आणि मग या उन्हाळ्यात, भर दुपारी, मांडीवर ते टॅपेटचं झाकण असतानाच तुम्ही भिंतीला टेकलात. मी हाक मारली, जेवायला चला. दुसऱ्यांदा मारली ती चिडून. तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे, “किती वेळ बोलवायचं!” हे तुमच्या मनात राहिलं असेल का हो?

आई आली. एसटीनं आली. मेढ्यापासून सगळ्या वाटेनं ओकत आली, वाळलेल्या पानासारखी झाली होती. दारात उभी राहिली, गाडीच्या सांगाड्याकडं बघितलं, आणि उंबरा ओलांडून सरळ आत येऊन माझ्या चुलीपाशी बसली. “शाले, पानी दे,” म्हणाली.

मी तांब्या भरून आणला. आक्काच म्हणाल्या, “आवं, लेकीच्या घरचं न्हवं का तुमी पीत?”

आईनं माझ्या हातातला तांब्या ओढूनच घेतला. “मला पानी पाजायसाटी ज्यानं येवडी वरसं खटाटोप केला, त्येच्या दारात मी तहानलेली बसू व्हय? रीत गेली चुलीत!” आणि घटाघटा प्याली.

अहो, तुम्हाला मरावं लागलं का हो त्यासाठी? तुम्ही असताना एवढं पाणी प्याली असती तर काय बिघडलं असतं? मी तिच्यावरही चिडले, तुमच्यावरही चिडले, आणि तिच्या मांडीवर डोकं घालून पडून राहिले.

तेव्हा आक्का रडायला लागल्या. मला म्हणाल्या, “शालन, मला माप कर. मी दर खेपंला त्येच्या मागं लागायची, दुसरी कर म्हनून. वंश बुडतोय म्हनून. आमच्या नात्यातली पोरगीबी बघून ठिवली हुती. आन् दर खेपंला त्यो योकच बोलायचा. ‘आक्का, इंजान खोललंय. ते बसल्याबिगर मला दुसरं काय बी सुचत न्हाई. इंजान बसलं की बघू.’”



तुम्हाला साधं ‘नाही’ म्हणता येत नव्हतं का? शत्रूपुढं छाती काढून उभे राहिलात, आणि थोरल्या बहिणीपुढं तोंड उघडेना! तिनं तुम्हाला आईमागं वाढवलं, तिचा शब्द मोडवत नव्हता, हे कळतं मला. पण मला तरी सांगायचं! मी इकडं तुमच्या नावानं खडे फोडत होते, आणि तुम्ही एकेक तुकडा घासत माझाच संसार राखत होतात? इंजिन बसवलं तर माझी आई येणार, आणि बसवलं तर सवतही येणार. म्हणून तुम्ही ते बसवलंच नाही. होय ना? एवढं तरी हो म्हणा!

माझा राग गेलेला नाही. तो एवढ्यात जायचा नाही. अशा माणसावर रागवायचं तरी कसं, याचाच आणखी राग येतो.

आई अजून इथंच आहे. शेजारच्या खोलीत निजलीय. उद्या हुसेनमिस्त्री येणार आहेत. घरभरचे सगळे तुकडे मी गोळा करून परातीत ठेवलेत. मी तुम्हाला शब्द देते, त्यातला एकही मी भंगारात घालणार नाही. आईला एसटीत बसवणार नाही, मिस्त्रींना चालवायला सांगून याच गाडीनं मेढ्याला सोडीन, वाटेत पाहिजे तिथं थांबत. आणि चमकीचं म्हणाल तर, मळलं तर मळू दे, मी काही घासत बसणार नाही.

उद्या इंजिन बसवून घेते हो. आता बसलं तरी चालेल.

तुमची एकटीच,
शालन