लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी बोलण्याचा पगार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. (पत्रात साष्टांग घालायला बरं पडतं. समोर असतास तर कमरेतून जेमतेम अर्धा वाकलो असतो आणि सरळ करायला तुलाच हात द्यावा लागला असता.) तुझा खोकला गेला असेल, वहिनींच्या गुडघ्याला आराम असेल आणि चिरंजीव अजूनही दार आपटूनच मत व्यक्त करत असतील, असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल. आमची ही खुशाल, तिच्या खिडकीतल्या कुंड्या खुशाल, आणि त्यांच्या मागोमाग मीही खुशाल.

तुझं पत्र मिळालं. आत्याने (तुझी आई असली तरी माझी आत्याच ना) या वयात नोकरी धरली हे कळल्यापासून तुला झोप नाही, हे वाचून वाईट वाटलं. लोक काय म्हणतील हा तुझा मुद्दा रास्त आहे. मात्र लोकांना अजून काही सुचलेलं नाही, सुचलं की कळवतो. पत्राच्या शेवटी तू खाली रेघ मारून विचारलंस, 'पगार तरी चांगला आहे का? असेल तर राहू दे. नसेल तर आईला समजावून घरी बसव, नाहीतर माझ्याकडे पाठवून दे.' ही कामगिरी मी पार पाडली आहे. कशी, ते सविस्तर लिहितो, कारण थोडक्यात लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

आधी नोकरी कसली ते सांगतो. आत्याने तुला फोनवर 'एका कंपनीत बसते' एवढंच सांगितलेलं दिसतं. ही लिफ्ट बसवणारी आणि दुरुस्त करणारी कंपनी आहे. लिफ्ट मध्येच बंद पडली की आतली माणसं लाल बटण दाबतात आणि कंपनीच्या एका खोलीत फोन वाजतो. मेकॅनिक पोचेपर्यंत आत अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं, हे आत्याचं काम. आणि ही नोकरी तिने मागितली नव्हती बरं का, ती तक्रार करायला गेली होती. झालं असं, की तिच्याच इमारतीतली लिफ्ट बंद पडली. आत आत्या, वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, एक नवा कोरा फ्रिज आणि त्या फ्रिजला मिठी मारून उभा असलेला हमाल. बटण दाबल्यावर पलीकडचा माणूस 'घाबरू नका, घाबरू नका' असं इतक्या घाबरलेल्या आवाजात म्हणायला लागला, की तोवर ठणठणीत असलेले मास्तर भिंतीला टेकले. शेवटी आत्यानेच त्या माणसाला पाणी प्यायला लावलं, खुर्चीत नीट बसायला सांगितलं आणि (हे मास्तरांनी मला शपथेवर सांगितलंय) त्याचं ठरलेलं लग्न कसं मोडलं ती सगळी हकीकत ऐकून घेतली. बाहेर पडल्यावर ती तडक कंपनीत गेली आणि म्हणाली, त्या मुलाला त्या एकट्या खोलीतून उठवा, चार माणसांत काम द्या. 'मग तिथे बसवू कुणाला?' असं त्यांनी विचारलं. आत्या घरी आली ती नोकरी घेऊनच.

आता पगार. पगारातलं मला कळतं असा आपल्या घरात समज आहे, आणि तो मीच पसरवलेला आहे. माझा स्वतःचा पगार चांगला आहे. कशावरून? तर कुणी विचारलं की मी 'ठीक आहे' म्हणतो आणि समोरचा पुढे काही विचारत नाही. मी खरेदी खात्यात आहे. माझ्या टेबलावर जो कागद येतो त्यावर वरच्या आणि खालच्या सगळ्यांच्या सह्या झालेल्या असतात, मग मी करतो. मला याचा मोबदला मिळतो, रजा मिळते आणि खुर्चीला हात आहेत. तेव्हा चांगल्या पगाराची पारख करायला माझ्याइतका लायक माणूस तुला सापडला नसता. निघताना हिला म्हटलं, 'आत्याचा पगार बघून येतो.' ही कुंड्यांतली माती उकरत होती. मान वर न करता म्हणाली, 'पगार बघा. आणि जमलं तर काम पण बघा.'

कंपनीचं ऑफिस इमारतीत बऱ्यापैकी वर आहे. जिना होता. पण लिफ्टच्या कंपनीत जिन्याने जाणं हा त्यांचा अपमान होईल असं मला वाटलं (आणि कमरेचं वर लिहिलंच आहे). लिफ्टमध्ये आणखी एक गृहस्थ शिरले. टाय, चकाचक बूट, हातात वाफाळता कॉफीचा पेला. त्यांनी ऑफिसच्याच मजल्याचं बटण दाबलं, तेव्हा मी ओळख काढली. म्हटलं, 'इथे एक वयस्कर बाई फोनवर बसतात ना? त्यांना काय देता हो तुम्ही?' ते हसले. 'अहो, नुसतं बोलायचं काम आहे. बोलण्याचे असे काय पैसे असणार? पण चांगला आहे पगार, त्यांच्या वयाच्या मानाने.' हे गृहस्थ म्हणजे तिथले मॅनेजर साहेब. मी मनात तुझं उत्तर तयार केलं, 'पगार चांगला आहे, वयाच्या मानाने', आणि आता वर न जाता परत फिरलं तरी चालेल असा विचार करतोय, तोच लिफ्टने एक उचकी दिली आणि ती थांबली.

दादा, लिफ्टच्या कंपनीची लिफ्ट बंद पडते यात मला गंमत वाटली आणि मी हसलो. साहेबांना वाटली नाही. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग पेल्यातली कॉफी थरथरायला लागली, मग ती माझ्या पॅंटवर आली. त्यांनी दार दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, टाय ओढला, माझी बाही ओढली आणि सरळ खाली बसले. 'हवा नाहीये. हवा नाहीये इथे.' हवा होती, पण ती सगळी तेच घेत होते. मी लाल बटण दाबलं.

'बोला,' पलीकडून आवाज आला. 'मी ऐकतेय.'

'आत्या! अगं मी!'

'आत किती जण आहात?'

'अगं, मी आहे, ओळखलं नाहीस का?'

'ओळखलं. तू तोंड उघडलंस तेव्हाच ओळखलं. किती जण आहात, आणि दुसरं कोण आहे?'

मी सांगितलं. तिने मला बाजूला व्हायला सांगितलं (लिफ्टमध्ये बाजू म्हणजे काय, हा प्रश्न मी गिळला) आणि साहेबांशी बोलायला लागली. लहानपणी तापात ती आपल्याशी बोलायची, तोच आवाज. घाई नाही, लाड नाहीत. मेकॅनिक निघालाय, पण वाटेत आहे, वेळ लागेल, हे तिने आधीच खरं खरं सांगून टाकलं. मग म्हणाली, 'साहेब, मी तुमच्या घराच्या बाजूला कधी आले नाही. तिथून ऑफिसला चालत कसं यायचं ते मला सांगा. सावकाश सांगा. मला चुकवू नका.'

साहेब म्हणाले, 'मी गाडीने येतो.' आत्या म्हणाली, 'आज चालत येऊ या. दाराबाहेर पडलात. पुढे काय दिसतं?' साहेबांनी डोळे मिटले. पुढे फाटक दिसतं, म्हणाले. फाटकाला रंग कुठला? उजवीकडे का डावीकडे? कोपऱ्यावर कसलं दुकान? फुलवाला म्हटल्यावर तिने कुठली फुलं बाहेर मांडलेली असतात तेही विचारलं. साहेबांना आठवेना, तेव्हा ती म्हणाली, थांबू या, घाई कुणाला आहे, बघा नीट. आणि साहेब खरंच मिटल्या डोळ्यांनी मान वळवून बघायला लागले! पुलावर आले तेव्हा त्यांचा श्वास माझ्यासारखा चालायला लागला. पूल मोठा, मोकळा आहे, खाली पाणी आहे, वारा असतो, असं ते स्वतःहून सांगू लागले. पूल उतरल्यावर ते उजवीकडे वळले, तेव्हा मला राहवेना. मी म्हटलं, 'डावीकडून गेलात तर जवळ पडतं.' आत्या इतक्या जोरात 'तू गप्प बस' म्हणाली, की साहेब पहिल्यांदा हसले. शेवटी चालत चालत ते ऑफिसच्या इमारतीपाशी पोचले आणि एकदम अडखळले. पुढे लिफ्ट होती ना. आत्या म्हणाली, 'आज आपण जिन्याने चढू. कठडा धरा.'

पहिल्या वळणावर साहेबांचा ऊर भरून आला. ते मोठ्याने म्हणाले, 'बाई, आजपासून तुमचा पगार दुप्पट!' मी आनंदाने त्यांचा हात धरला. वरून आवाज आला, 'ते राहू दे. कठडा लाकडी आहे का लोखंडी?'

थोड्या वेळाने मेकॅनिकने दार उघडलं. साहेबांनी टाय सारखा केला, कुणाकडेही न बघता उरलेला जिना चढले आणि केबिनमध्ये शिरून दार उघडंच ठेवलं. मी धावत आत्याच्या खोलीत गेलो. लहानशी खोली, एक खिडकी, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि आत्याच्या अंबाड्यावरून घट्ट बसवलेला हेडफोन. म्हटलं, 'आत्या, आत्ताच्या आत्ता जा! शब्द दिलाय त्याने, मी साक्षीदार आहे.' तिने हात वर करून मला थांबवलं. कुठेतरी एक कपाट आणि त्याला घेऊन चाललेली दोन माणसं अडकली होती. ते मिटल्यावर म्हणाली, 'घाबरलेला माणूस बोलतो त्याचा हिशोब त्याच्या खिशाकडे मागायचा नसतो. आत अडकलेल्यांशी सौदा करायला लागले तर उद्या माझा आवाज ऐकून कोण शांत होईल?' मी म्हटलं, मग काय, गेला तो पगार? म्हणाली, 'गेला कुठे? उद्या विचारते. दार उघडं असताना.'

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेलो. (खरेदी खातं थांबलं नाही. मी नव्हतो हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.) बोलायचं नाही या अटीवर तिने मला केबिनच्या दाराशी बसू दिलं. ती आत गेली आणि म्हणाली, 'काल तुम्ही जे म्हणालात ते मी ऐकलेलं नाही. आज माझं मी विचारते. मेकॅनिकला काय पगार देता?'

'बाई, तो तांत्रिक माणूस आहे.'

'असू दे. त्याला बोलवा आणि विचारा, मी यायच्या आधी दार उघडल्यावर काय व्हायचं.'

मेकॅनिक आला, हात पुसत. आडदांड माणूस, पण सांगताना लाजला. म्हणाला, 'साहेब, पूर्वी दार उघडलं की लोक अंगावर यायचे. एकाने शर्ट फाडला. एका बाईंनी इतकी घट्ट मिठी मारली की त्यांना तशाच घेऊन मी घरी सोडून आलो. आता दार उघडलं की आतले म्हणतात, जरा थांबा, आमचं बोलणं संपू दे.'

साहेबांनी एक आकडा सांगितला. आता पुढचं लक्ष देऊन वाच, कारण मी जन्मात असं पाहिलेलं नाही. बोलण्याचे पैसे मागायला गेलेली आपली आत्या गप्प बसली. रागाने नाही, फुगून नाही. समोर ठेवलेला चहा पीत, खिडकीबाहेर बघत, अगदी स्वस्थ. साहेबांनी खुर्ची हलवली. घसा साफ केला. मग आपणच आधीचा आकडा वाढवला. आत्याने चहाचा आणखी एक घोट घेतला. मी तिच्या जागी असतो तर पहिल्याच आकड्याला 'ठीक आहे' म्हणून बाहेर आलो असतो, हे तुला सांगायला नकोच. शेवटी साहेब मेकॅनिकच्या पगारावर येऊन थांबले आणि थकून मागे टेकले. आत्या म्हणाली, 'हा बरोबर आहे. आणि दुसऱ्या पाळीला माणूस घ्या, त्यालाही एवढाच द्या. कमी दिलात तर तो कमी ऐकेल.' साहेब उठून तिला दारापर्यंत सोडायला आले. मला बघून त्यांना पूल आठवला असावा, कारण माझ्याकडे बघून ते हलकेच म्हणाले, 'उजवीकडूनच बरं पडतं हो. मोकळा रस्ता आहे.'

तेव्हा दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी आत्यालाच विचारलं, जिना उतरताना. ती म्हणाली, 'पगार चांगला आहे म्हणून कळव. पुरतो का विचारलं तर पुरतो म्हणून कळव. आणि तिसऱ्यांदा विचारलं तर त्याला स्वतःचा किती आहे ते विचार.' तिसऱ्यांदा विचारू नकोस, एवढंच माझं सांगणं. ती तुझ्याकडे राहायला येणार नाही. रजा साठली की भेटायला येईल म्हणाली. आपल्या घराण्यात इतकं धडाडीचं माणूस आहे हे कळायला मला लिफ्टमध्ये अडकावं लागलं, पण अडकल्याचं चीज झालं.

वहिनींना नमस्कार, चिरंजिवांना आशीर्वाद आणि तुमच्या दाराला माझी सहानुभूती.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. ती दुसऱ्या पाळीची जागा रिकामी आहे आणि माणूस निवडायचं काम साहेबांनी आत्यावर सोडलंय. मी अर्ज केला आहे. पगार माझ्या आत्ताच्या पगारापेक्षा कमी आहे हे मला माहीत आहे, पण कालपासून माझ्या सहीचा हात चालत नाही. आत्या 'बघू' म्हणते, आणि तिचं 'बघू' तुला ठाऊक आहे. तू मुलगा आहेस, तुझा शब्द ती टाळणार नाही. माझ्या शांत स्वभावाबद्दल दोन ओळी लिहून पाठव. लवकर पाठव!

ता. क. (दुसरा) : लिहू नकोस. आत्या आज चहाला आली होती, तिने आमची घरातच परीक्षा घेतली. आधी ही अडकलेली आणि मी मदत करणारा. मी 'घाबरू नका' म्हणालो आणि तिथेच नापास झालो. मग मी अडकलेला आणि ही फोनवर. हिने एकदोन साधे प्रश्न विचारले, आणि मी ऑफिसबद्दल जे कधी कुणाला बोललो नव्हतो ते सगळं बोलून बसलो. चहा गार झाला तरी थांबलो नाही. ही सोमवारपासून रुजू होते. पगार चांगला आहे, मी स्वतः पाहिलेला आहे. फक्त पाळी संध्याकाळची आहे. तू लग्नाआधी एकटा राहायचास तेव्हा स्वतः रांधायचास ना? भात खाली लागतो आणि वर कच्चा राहतो, त्याला काय करायचं ते उलट टपाली कळव. हिला विचारलं तर म्हणते, आधी मला सांगा, आत किती जण आहात.