सातव्या दिवशीचे तीन आणि दहा

नवागाम, सुरत

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या सुकलालचा साष्टांग नमस्कार. (तू फोन उचलत नाहीस, म्हणून नमस्कार टपालाने.) इकडे मंदा, मुलं आणि माझी कंबर, सगळं ठीक. दाजींची शुगर कशी आहे? हर्षदा सासरी रुळली का, हे विचारायचा हक्क मी गमावलाय, तरी विचारतो.

लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो आणि मी नव्हतो, याला कारण आमच्या लूम कारखान्यातलं घड्याळ. माणसं वेळेवर यावीत म्हणून शेठने ते वर्षानुवर्षं दहा मिनिटं पुढे ठेवलेलं. आम्हीही काही कमी नाही, बघितलं की मनात दहा वजा करायचे आणि निवांत चहा प्यायचा. खोटं सगळ्यांनाच ठाऊक असलं की ते खोटं राहत नाही, नियम होतो. मग शेठला सुबुद्धी झाली, घड्याळ खरं करा म्हणाले. पण काटा दहा मिनिटं मागे घेतला की त्या वेळी ज्यांची पाळी, त्यांना दहा मिनिटं जास्त राबावं लागणार. माझ्या पाळीतला किसन भडकला, “आम्ही काब्र राबूत?” तेव्हा कुणा शहाण्याने तोड काढली की रोज एकच मिनिट मागे घ्यायचं, एक दिवस रातपाळीत, एक दिवस दिवसपाळीत. अन्याय कुणावरच नाही. फक्त आज किती वजा करायचे, ते लक्षात ठेवायचं.

लग्नाचा दिवस नेमका सातवा. सकाळी रातपाळी सुटली तेव्हा घड्याळ तीनच मिनिटं पुढे होतं आणि मी सवयीने दहा वजा केले. (मोबाईल दारातल्या पेटीत ठेवावे लागतात, माझ्याची बॅटरी तिथेच संपलेली.) कारखान्यातल्याच नळावर ऐटीत आंघोळ केली, नवी टोपी घातली. उधना स्टेशनात शिरलो तेव्हा भुसावळची गाडी सुटून चार मिनिटं झाली होती. मग बस, तिचं पंक्चर, मग दुसरी बस. आपल्याकडे बाराचं लग्न अडीचला लागतं, हर्षदाचं तेवढं गोरज मुहूर्ताला वेळेवर लागलं. मला दहा मिनिटं उशीर. पाठीशी शेजारचा धुडकू उभा, आणि आता आलोच कशाला, एवढंच तू विचारलंस, “आते काब्र उना?”

तेव्हापासून विचार करतोय. तुमच्या अमळनेरला सूर्य सुरतेच्या नऊएक मिनिटं आधी मावळतो. (म्हणजे आमच्या सुरतेच्या सूर्याच्या हिशेबाने मला एकच मिनिट उशीर. भटजींना सांगून पाहिलं, ते हसले नाहीत.) तरी तुझं नि माझं घड्याळ एकच वेळ दाखवतं. कधीतरी साऱ्या देशाने ठरवलं असणार की सूर्य थोडा मागेपुढे झाला तरी चालेल, पण माणसांची चुकामूक नको. मी नेमकी तीच केली. लाज वाटते, अक्का.

तुझा,
सुकलाल

ता.क. १ : रोज एक मिनिटाची तोड काढणारा शहाणा मीच.

ता.क. २ : घड्याळ खरं झालं, पण सगळे अजून दहा वजा करून उशिरा येतात. शेठने कालपासून ते परत पुढे केलंय.

ता.क. ३ : महिन्याचा अबोला एकदम सुटायचा नाही, ठाऊक आहे. रोज एकच मिनिट बोल. पहिले दहा दिवस नुसत्या शिव्या दिल्यास तरी चालेल. सकाळी आठला फोन करतो. तुझ्या घड्याळातल्या आठला.