ओट्याच्या उंचीची गाडी

गजू,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. परवापर्यंत सलग नऊ दिवस मला सकाळचा पेपर मिळाला नाही. पेपरवाला तो फाटकावरून फेकतो, तो घसरत तुझ्या पिकअपखाली जातो, आणि तुझी पिकअप माझ्या दारात अशी पोट टेकून बसलेली की खाली हात शिरत नाही. छत्रीच्या दांड्यानं ओढला तर नुसती पुरवणी येते, तीही फाटून. पन्नाशीच्या माणसानं रोज रस्त्यावर उपडं पडून गाडीखाली डोकवावं, हे शोभतं का? समोरच्या घरातले तेलुगू गृहस्थ, गल्लीचे 'सार', रोज थांबून "एमैंदि?" विचारतात. काय झालं ते मी त्यांना तेलुगूत कसं सांगू? मराठीतसुद्धा सांगता येत नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. परवा सलीम मिस्त्री येऊन गेला, आणि आज मी गावी, आपल्या ओट्यावर बसलो आहे. तुला जाऊन महिना झाला. तुझ्याशी बोलायचं राहून गेलं होतं.

तू मागच्या चाकांवरचे लोखंडी स्प्रिंग-पाटे काढून त्या जागी हवेचे रबरी फुगे बसवलेस, तो दिवस आठवतो? बटन दाबलं की फुस्स करून हवा जायची आणि गाडीचं ढुंगण खाली बसायचं. दुसरं दाबलं की कंप्रेसर घुरघुरायचा आणि गाडी उठायची. पाव्हण्यांनी घर भरलेलं होतं आणि मला चेव आला. "भैंसा गावच्या जिनिंगात कापूस नेणारी गाडी, अन् हिला मुजरा शिकवला," मी म्हणालो. सगळे हसले. तूही हसलास. मग मला बाजूला घेऊन म्हणालास, "दादा, चार बटनं हायेत. दोन डाव्या चाकाचे, दोन उजव्या. पाहून घे एकडाव."

"मला काय वरातीत नाचवायची आहे?"

एवढंच बोललो मी. दोन मिनिटांचं काम होतं, गजू.

तुला तुझ्याच गाडीतून न्यायचं ठरलं. तिरडी कशीबशी गाडीच्या मागच्या फळीवर चढवली, अर्धी आत, अर्धी लोकांच्या खांद्यावर. कुणीतरी ओरडलं, "गाडी खाली घ्या, खाली घ्या!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोठा भाऊ ना मी! मडकं हातातून सोडायचं नसतं, ते मी दुसऱ्याच्या हातात दिलं, केबिनमध्ये चढलो आणि जाणत्याच्या तोऱ्यात एक बटन दाबलं.

डावी बाजू बसली. उजवी तशीच उभी. तू घसरलास. तुझं डोकं फळीवर आपटलं, तो आवाज मला केबिनमध्ये ऐकू आला.

माय याच ओट्यावर होती. "पाडलं वो माह्या लेकराले," म्हणाली.

मी खाली उतरलो आणि म्हणालो, "फुगा फुटला."

कुणी विचारलंही नव्हतं. आयुष्यभर पेपरातल्या सदरातून दुसऱ्यांचं खोटं उघडं पाडून वर त्याचं मानधन घेतलं. स्वतःचं पहिलं मोठं खोटं बोललो ते एका रबराच्या फुग्यावर ढकलून. सगळ्यांना पटलं. तुझ्या त्या नसत्या हौसेला मी आधीच नाव ठेवून बसलो होतो, मग का नाही पटणार?

तिसऱ्या दिवशी माय म्हणाली, "ते गाडी इकून टाक. माह्या डोळ्यासमोर नको." म्हणून दिवसपाणी उरकल्यावर ती माझ्या दारात, आदिलाबादला. गिऱ्हाईक मिळालं, पण त्याला फुगे नकोत, जुने पाटे हवेत. म्हणून तुझे फुगे बसवणारा सलीमच बोलावला.

तो जॅक लावून गाडीखाली गेला. आधी माझे नऊ पेपर बाहेर आले, मग तो. हात पुसत म्हणाला, "फुगे तो एकदम अच्छे हैं साब. कौन बोला फटा करके?"

मी पेपरांच्या घड्या घालत राहिलो.

"कायकू निकालते? आपके भाई सुतळी नाप के लाए थे. बोले, हमारा ओटा इत्ता है, गाडी इत्तीच बैठना. अम्मा का घुटना मुडता नै. ओटे पे से सीधा अंदर जाना, किसीने उठाना नै."

गजू, मला काऊन नाही सांगितलंस?

माहीत आहे. मायनंच तोंड बंद केलं असेल तुझं. मला कळलं असतं तर मी तिला शहरात नेऊन मागच्या खोलीत ठेवलं असतं, डॉक्टर लावले असते, आणि वर तिच्या गुडघ्यांवर चार विनोदही केले असते. बाजारात चार माणसांनी उचलून गाडीत घालणं तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तू ते सुतळीनं मोजलंस. आम्ही मात्र तुला उचलूनच घातलं.

गिऱ्हाइकाला नाही म्हटलं. सलीमकडून चारही बटनं शिकलो. तासभर गाडी गल्लीत उठबस करत होती. समोरच्या सारांनी खुर्चीच टाकली.

आज सकाळी ती ओट्याला मागून लावली. मायनं तोंड फिरवलं.

"माय, फुगा फुटला नव्हता. बटन मी दाबलं होतं. एकाच बाजूचं."

तिनं तोंड परत माझ्याकडे केलं. मग म्हणाली, "येत नोतं, त हात काऊन लावला?"

"मोठा आहे म्हणून."

"अन् मी महिनाभर त्या गाडीले बोल लावून राह्यली. त्याच्या हातच्या कामाले."

मी केबिनमध्ये जाऊन बसलो.

"घे खाली," ती म्हणाली.

मी दोन्ही बाजूंची बटनं एकदम दाबली. फळी ओट्याला येऊन टेकली, मध्ये बोटभरही फट नाही. मायनं काठी आधी आत ठेवली, मग पाय. तू तिच्यासाठी मागे अंथरलेल्या जाड गादीवर जाऊन, पाय लांब करून बसली आणि तुझ्यासाठी महिनाभरात पहिल्यांदा मोकळं रडली. मी केबिनमध्येच होतो. मीही.

गाडी विकणार नाही. तिला बाजारात, डॉक्टरकडे, बासरच्या देवळात, जिथं म्हणेल तिथं मी नेईन, आणि ती सांगेपर्यंत शहराचं नाव काढणार नाही. तोंड आवरीन असं वचन देत नाही, ते तुलाही खरं वाटणार नाही. पण त्या दिवशी ज्यांच्या खांद्यावर तू होतास, त्या सगळ्यांच्या घरी जाऊन खरं काय झालं ते सांगीन. दोघांकडे जाऊन आलोय.

माय आतून हाक मारतेय. दमून आलेल्याच्या पायावर टाकतो तसं गाडीच्या चाकावर पाणी टाक म्हणते.

टाकून आलो. एक तांब्या, डाव्या चाकावर.

तुझा,
दादा