सावडीचा बैल

कार्तिक वद्य तृतीया, तलवाडा

मानमोडीच्या तापानं निम्मं गाव नेलं, चाऱ्यावाचून जनावरंही गेली. माझ्याकडं एक बैल उरला, शेजारच्या नामदेवाकडं एक. दोन्ही एका तिफणीला जुंपले तरच पेरणी, आणि ओल उडत चाललीय. पण मागायचा कोणत्या तोंडानं? साथीत त्याची बायको तापानं फणफणली होती, विहिरीवर जायचं त्याला बळ नव्हतं, म्हणून तांब्याभर पाण्यासाठी तो माझं दार ठोठावत होता. मी आतून कडी धरून बसलो. भ्यालो, दुसरं काय? ती गेली.

आज शेवटी गेलो.

"नामदेवा, सावड करू, दोघांचं रान मिळून पेरू. बैल देतोस का?"

नामदेव उठला. मग आतून तांब्या घेऊन आला.

"सकाळी आणतो. आदी पानी प्या, आण्णा."

तांब्या हातात घेतला. त्या दिवशी कडीही अशीच गार लागली होती.