फळीवरचे रूळ

चैत्र शु. ११, मंगळवार
आज फळ्या जोडल्या. सागाच्या दोन, चार-चार हातांच्या. रंधा मारून तळहात फिरवला, कुसळसुद्धा लागलं नाही. चौदा वर्षं रुळांवर मुकादमी केली, आता गुडघे टेकून खेळणी बनवतोय. धाकट्या बहिणीला, सरूला सांगितलं, आगगाडीचा रस्ता कसा असतो ते गावातल्या लोकांना दाखवणार. "दाखव की," म्हणाली. तिच्या नवऱ्याचा त्याच कामावर जीव गेला, तरी म्हणाली.

शु. १३, गुरुवार
करीमभाई पत्रेवाल्याकडून कापसाच्या गाठींच्या लोखंडी पट्ट्या आणल्या. तेच आमचे रूळ. "काय बे मुकादम, सरकारनं रेल आणली न्हाई म्हणून तूच आणतो काय?" हसलो. रुळांखाली आडवे घालायचे बाभळीचे स्लीपर तासले. बोटं सोलली.

वद्य १, रविवार
फळ्यांवर वाळू पसरली, तीत स्लीपर, वर पट्ट्या ठोकल्या. दोन रस्ते, शेजारी शेजारी. पहिल्यात पट्ट्यांच्या टोकांमध्ये नखाएवढी फट. दुसऱ्यात टोकाला टोक भिडवलं. का, ते सरूला सांगितलं नाही. इथे लिहितो.
सरूचा नवरा गेला, त्याआधीच्या पौषात आमची टोळी गारठली होती. रूळ उन्हात वाढतात, म्हणून मध्ये फट राहावी यासाठी घालायच्या लाकडी चिपा कुणीतरी शेकोटीत टाकल्या. ओरडायचं सोडून मीही हात शेकले. मग म्हणालो, चालू द्या अंदाजानं. कसला अंदाज, रूळ भिडले. वैशाखात तिथेच रूळ वाकला, खडीची ढकलगाडी उलटली, नामदेव दाजी खाली सापडले. चौकशीत मी सांगितलं, बोल्ट आवळायचं काम दाजींकडे होतं, सैल राहिले असतील. मेलेला माणूस काय बोलणार. तीन वर्षं झाली, सरूला लोक अजून गाफील माणसाची बायको म्हणतात.
पण नुसत्या उन्हानं रूळ एवढा वाकतो? एकदा डोळ्यांनी बघायचंय. नाही वाकला तर दोष बोल्टचाच, मी सुटलो.

वद्य ५, गुरुवार
गारव्यातच दोन्ही रस्त्यांची टोकं ठोकळ्यांनी अडवली, फळ्या अंगणात ठेवल्या. दुपारी पाहिलं. फटीचा रस्ता सरळ. भिडवलेला मधोमध बाहेर आलेला, चांगली दोन बोटं.
सरू धुणं वाळत घालायला आली. "दादा, ह्यो सरळ अन् त्यो वाकडा, कावून?"
"खिळे सैल राहिले असतील."
विचार न करताच निघालं तोंडातून. चौकशीत निघालं होतं तसंच. लाज वाटली.

वद्य ८, रविवार
फळ्या गोठ्यात ठेवल्या, वर पोतं टाकलं. दोनदा बोलायला गेलो. एकदा "मीठ दे" म्हणालो, एकदा तांब्या उचलून बाहेर आलो. मनाला समजावतो की खरं कळलं तर ती बिचारी कुठे जाईल. खोटं आहे. ती गेली तर माझं कोण, ही भीती आहे.

वैशाख शु. १, सोमवार
गोठ्यात गेलो तर पोतं बाजूला. सरू उकिडवी बसून एकेक खिळा बोटांनी हलवून बघत होती.
"दादा, खिळे तर समदे घट्ट हायेत."
एवढंच बोलली. मी "हूं" म्हणालो आणि पुसलेलाच रंधा परत पुसत बसलो.

शु. ३, आखिती (अक्षय्य तृतीया)
सरूनं सकाळीच दाजींच्या नावानं पाण्याचा करा भरला, वर खरबूज ठेवलं. दरसाली त्यांचं नाव घेऊन पाणी मी सोडतो. आज बसलो, हात पुढे केला, तर तिनं ताम्हन मागे ओढलं.
"आधी सांग. त्यांचे बोल्ट तरी सैल होते का? मग घे नाव."
"आलो," म्हणालो आणि आत आलो. वही काढून हे लिहितोय, जसं काही आत्ताच लिहायला हवं. दारातून तिची पाठ दिसते. पुरण निवलं असेल. तिनं हाक मारलेली नाही, आणि ताम्हन अजून तिच्याच मांडीवर आहे.