बाकावर राहिलेली पाटी

बुधवार, दिवेलागणीची वेळ

आज मी पळाले. या वयात, साडीचा पदर खोचून, गंगापूर रोडच्या ट्रॅकवर. अजून छाती धडधडतेय आणि हसू आवरत नाही.

सून रूपाली रोज म्हणायची, "आई, चला ना पळायला." मी म्हणायचे, पहाटेपासून मळ्यात झेंडू तोडते, तो काय आराम असतो? आज गेले, पण काखेत फुलांची रिकामी पाटी घेऊन. कुणी विचारलंच तर फुलं पोचवून आले म्हणायचं. नुसतं पळायला बाई घराबाहेर पडते होय?

पहिली फेरी पाटीसकट पळाले. मग रूपालीने ती ओढून बाकावर ठेवली. दुसऱ्या फेरीत काय झालं कोण जाणे, अंग हलकं, डोकं मोकळं. रूपाली म्हणाली, "पळालं की मेंदूत काहीतरी पाझरतं, त्यानं बरं वाटतं." असेल. पण घाम तर मळ्यातही गळतो, तिथं का नाही पाझरत? तिथं पाटी भरायची असते, म्हणून?

घरी आलो तर सासूबाई दारात. "पाटी कुठाय गं?"

बाकावरच राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदा विसरले.

आणायला परत गेले. पळतच.